आयर्विन पूल ते अंजनवेल: भरतीची भिंत कशी उठते आणि आपल्याकडे का उठत नाही

पहिला दिवस : सांगली ते कराड (आश्विन पौर्णिमा)

सांगलीत पुराच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी कोलकात्याच्या हुगळी नदीचा विषय काढतंच. तिकडे समुद्राचं पाणी भिंतीसारखं उभं राहून नदीत उलटं चढतं, मग कोयनेचे दरवाजे उघडल्यावर कृष्णेत तशी भिंत का येत नाही? या सहलीचा मार्ग त्याच प्रश्नावरून आखला आहे. सांगलीहून कृष्णेच्या काठाने कराड, तिथून कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि वाशिष्ठीच्या खाडीने थेट दाभोळच्या तोंडापर्यंत. मुहूर्त कोजागिरीचा. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठं असतं, शरद संपात, म्हणजे सप्टेंबरातला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, नुकताच होऊन गेल्याने त्याला आणखी जोर असतो आणि पाऊस ओसरल्यामुळे नदीचा स्वतःचा लोंढा मोजमापात लुडबुड करत नाही.

सुरुवात आयर्विन पुलावरून. इथे पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं, पण तेव्हाही ते चढत होतं इंचा-इंचाने. रात्रभर पायऱ्या मोजत बसायला वेळ मिळतो, तो यामुळेच. टायडल बोअर म्हणजे भरतीची भिंत जिथे येते, तिथे तेवढी चढ एका मिनिटाच्या आत होते. पुराचा लोंढा कित्येक किलोमीटर लांब असतो. तळाचं घर्षण त्याला मागे ओढतं, काठाबाहेर पडलेलं पाणी शेतात पसरतं आणि त्याचा पुढचा उतार आणखी सपाट होत जातो. भिंत व्हायला याच्या नेमकं उलट घडावं लागतं. मागचं पाणी पुढच्यापेक्षा वेगाने यायला हवं आणि त्याला पसरायला जागा मिळता कामा नये.

समुद्राच्या भरतीने कृष्णेत भिंत येण्याचा तर प्रश्नच नाही. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. खाली अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि शेवटी विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. त्रिभुज प्रदेशात भरती-ओहोटीतला फरक मीटरभरच. म्हणजे कृष्णेच्या तोंडाशीसुद्धा भिंत उठत नाही.

हरिपूरला वारणा येऊन मिळते. तिथे थांबायचं ते संगमेश्वरासाठी. आपल्या विषयाचं तिथे फारसं काही नाही. दुपार खरी कराडसाठी राखून ठेवावी.

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना जवळजवळ समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून एक होतात. कोयनेला जास्त पाणी असलं की ती कृष्णेला अडवून धरते आणि कृष्णेचं पाणी वरच्या बाजूला तुंबतं. याला फुगवटा म्हणतात. फुगवट्याला पुढची कड नसते, तो नुसता भरत जातो. भरतीचं पाणी नदीत शिरतं तेव्हा सुरुवात अशीच होते. फरक पडतो पुढे.

तो फरक बघायला कराडच्या वर कृष्णेवरच्या खोडशी बंधाऱ्यावर जावं. हा ब्रिटिशकालीन बंधारा कृष्णा कालव्याला पाणी देतो. पाणी माथ्यावरून वाहत असेल तर खालच्या बाजूला लक्ष द्या. घसरून आलेलं पाणी आधी पातळ, गुळगुळीत आणि वेगवान असतं. मग एका रेषेवर ते अचानक जाड होतं, फेसाळतं, मागे लोळतं आणि पुढे संथ, खोल वाहू लागतं. ही रेषा म्हणजे हायड्रॉलिक जंप. इथे पाणी धावतं आणि पायरी जागेवर उभी राहते. नदीमुखात पाणी जवळपास उभं असतं आणि पायरी धावते. गणित एकच.

ते गणित असं. उथळ पाण्यात लहर ज्या वेगाने जाऊ शकते, तो वेग म्हणजे ९.८१ गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. खोली १ मीटर असेल तर सेकंदाला ३.१ मीटर, २ मीटरला ४.४, ४ मीटरला ६.३. पाणी या वेगापेक्षा किती पट वेगाने धावतं, त्या पटीला फ्रूड अंक म्हणतात. दोन मीटर उंचीवरून घसरलेलं पाणी घर्षण सोडलं तर सेकंदाला ६.३ मीटर वेगाने पायथ्याशी येतं. तिथे त्याची जाडी २० सेंटीमीटर असेल तर लहरीचा वेग अवघा १.४ मीटर, म्हणजे फ्रूड अंक साधारण साडेचार. एवढ्या अंकाला २० सेंटीमीटरचं पाणी उसळून १.२ मीटर जाड होतं. अंक एकच्या खाली आला की उसळी नाही. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचे दोन दिवस सोपे जातात.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. उसळीच्या रेषेवर पाणी वरून मागे, बंधाऱ्याकडे लोळत असतं. त्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा बंधाऱ्याच्या पायथ्याकडे ओढला जातो आणि पट्टीचा पोहणाराही थकतो. बंधाऱ्याखाली पोहू नये म्हणतात, त्याचं कारण खोली नाही, हे लोळणं आहे.

दुसरा दिवस : कराड ते चिपळूण (प्रतिपदा)

पहाटे निघावं, कारण दुपारच्या भरतीआधी चिपळूणच्या गोवळकोटला पोचायचं आहे. पाटण मागे टाकून कोयनानगर. धरण १०३ मीटर उंच, शिवसागर जलाशयाची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). बघायचं ते पायथ्याचं नदीपात्र.

पायथा वीजगृहाचं एक युनिट सुरू झालं की कोयनेत १,०५० क्युसेक पाणी येतं, दोन्ही चालली की २,१००. साताऱ्याच्या वर्तमानपत्रांत हे आकडे पावसाळाभर छापून येतात. १,०५० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे ३० घनमीटर. पात्र ४० मीटर रुंद आणि मीटरभर खोल धरलं तर रुंदीच्या प्रत्येक मीटरवर पाऊण घनमीटर पाणी वाढलं. पुढची कड सेकंदाला तीन-सव्वातीन मीटरने पळते. भागाकार केला की उंची येते वीतभर. म्हणजे कोयनेतही पायरी निघते, फक्त वीतभराची, आणि काही किलोमीटरांत ती घासून पसरते. पण पात्रात कपडे धुणाऱ्याला किंवा दगडावर बसलेल्याला वीतभर वाढ अचानक आली तरी पुरते. भोंगा वाजला की पात्रातून बाहेर पडायचं ते यासाठी. दरवाजे उघडतानाही ते टप्प्याटप्प्याने, काही फुटांनी उचलतात, म्हणजे एकच मोठी पायरी न होता लहान लहान पायऱ्या लांबवर पसरतात. सांगलीला भिंत का येत नाही याचं निम्मं उत्तर इथे आहे.

कुंभार्ली घाट उतरताना पाण्याचा प्रवासही सोबत उतरतो. शिवसागराचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला येतं, पोफळी-अलोरेच्या वीजगृहांतून फिरून कोळकेवाडीच्या तलावात आणि तिथून पुन्हा वीज करून वाशिष्ठीत. म्हणजे साताऱ्याच्या पूर्ववाहिनी नदीचं पाणी कोकणातल्या खाडीला जाऊन मिळतं, तेही वीजमागणीच्या वेळापत्रकाने. वाशिष्ठीची पातळी बघायला बसणाऱ्याने हे विसरू नये. संध्याकाळी पाणी चढलं तर ते समुद्राचं असेल किंवा टीव्ही लावलेल्या लाखो घरांचं.

चिपळूणच्या गोवळकोट धक्क्यावर भरतीचं पाणी पोचतं. दाभोळपासून इथपर्यंत जलमार्ग ४५ किलोमीटरांचा. वेळ काढायची कोकणी रीत सोपी आहे: तिथीला पाऊणपट करा, समुद्रावरच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता, द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, म्हणून मोजमाप करणाऱ्याने भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं कोष्टकच वापरावं. कोष्टक वाचतानाची नेहमीची चूक म्हणजे नुसता भरतीचा आकडा घेणं. तो आकडा नकाशाच्या शून्य पातळीपासूनचा असतो. आपल्याला हवा फरक, म्हणून भरतीतून तिच्या आधीच्या ओहोटीचा आकडा वजा करायचा. मुंबईत ४.८ मीटरची भरती म्हणजे पाणी ४.८ मीटरने चढलं असं नव्हे.

गोवळकोटला ही भरती समुद्रापेक्षा उशिरा येते. सरासरी खोली ४ मीटर धरली तर लहर तासाला साडेबावीस किलोमीटर जाते आणि ४५ किलोमीटरांना दोन तास लागतात. खाडी जागोजाग खोल-उथळ असल्याने हा हिशोब ढोबळच, पण धक्क्यावर कधी येऊन बसायचं हे ठरवायला पुरेसा.

मोजायला लागतं काय? दोन मीटरची सरळ काठी, तिच्यावर दर १० सेंटीमीटरला रंगाचा पट्टा, सुतळी, घड्याळ आणि वही. काठी धक्क्याच्या दगडाला उभी घट्ट बांधा. दर दहा मिनिटांनी पाण्याची कड वाचा. होडी गेली की लाटा निवेपर्यंत थांबा, नाहीतर वरची आणि खालची वाचनं घेऊन मधला आकडा लिहा. काठी पाण्यात उतरून रोवायला जाऊ नका. वाशिष्ठीत मगरी आहेत आणि ओहोटीला त्या चिखलावर येऊन पडतात. बांधणी धक्क्यावरूनच करावी.

वहीत शोधायचं एवढंच: चढायला किती वेळ लागला आणि उतरायला किती. दोन्ही मिळून सुमारे १२ तास २५ मिनिटं. उघड्या समुद्रावर दोन्ही वाटे जवळपास सारखे असतात. नदीत वर जावं तसा चढीचा वाटा आखडतो आणि उताराचा लांबतो. कारण कालच्याच गणितात आहे. भरतीचा माथा खोल पाण्यावर असतो म्हणून वेगाने पळतो, ओहोटीचा तळ उथळ पाण्यावर असतो म्हणून रेंगाळतो. माथा तळाला गाठत येतो, लाटेचा पुढचा उतार उभा होत जातो. तो पूर्ण उभा राहिला की भिंत. कोलकात्याला हुगळी सुमारे चार तास चढते आणि आठ तास उतरते. चढ-उताराच्या वेळांतली ही तफावत म्हणजे भिंतीची पहिली खूण, आणि ती मापायला भिंत प्रत्यक्ष यावी लागत नाही.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा भरतीचं नाव बरंच घेतलं गेलं. भरतीने पाणी बाहेर पडू दिलं नाही हे खरं, पण तो फुगवटा होता, प्रीतिसंगमावर दिसतो त्याच जातीचा. समुद्र भिंत होऊन चिपळुणात शिरला नव्हता.

तिसरा दिवस : चिपळूण ते दाभोळ (द्वितीया)

आज सकाळची ओहोटी साडेसातच्या सुमाराला, म्हणून अंधारातच चिपळूण सोडावं. गुहागरच्या रस्त्याने धोपावे, तिथून फेरीबोटीने गाडीसकट दाभोळ. दुपारी परत येऊन अंजनवेलला गोपाळगडावर चढावं. खाडीचं तोंड तिथून सबंध दिसतं.

धोपाव्याच्या उतरंडीवर ओहोटीची ओली रेघ आणि काल रात्रीच्या भरतीची रेघ दोन्ही स्पष्ट असतात. दोन्हींतलं उभं अंतर मोजा. उधाणालाही इथे फरक साधारण दोन-अडीच मीटरांचा. भिंत उठायला नदीच्या तोंडाशी निदान साडेचार ते सहा मीटरांचा फरक लागतो. पहिल्याच अटीत आपली खाडी नापास.

पश्चिम किनाऱ्यावर हा फरक उत्तरेकडे वाढत जातो. गोव्याला दोन मीटरच्या आसपास, मुंबईला मोठ्या उधाणात चार-साडेचार आणि खंबातच्या आखातात भावनगरकडे दहाच्या घरात. याला दोन कारणं. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन फार रुंद आणि उथळ आहे, तिच्यावर भरती चढताना उंचावते. दुसरं म्हणजे आखाताचा आकार. दीव ते दमण तोंड सुमारे १९० किलोमीटर, वर जाऊन ते २४ किलोमीटरांवर येतं. निमुळत्या पात्रात लाटेची उंची रुंदीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. १९० भागिले २४ म्हणजे जवळपास आठ, त्याचं वर्गमूळ २.८. म्हणजे घर्षण सोडलं तर निव्वळ आकुंचनाने भरती पावणेतीन पट. खोली कमी झाल्याचा परिणाम त्यामानाने सौम्य: उंची दुप्पट व्हायला खोली सोळापट कमी व्हावी लागते. म्हणून भिंतीच्या नदीत पहिली नजर रुंदीवर ठेवावी. चीनमध्ये च्येनथांग नदीची भिंत जगात सर्वांत मोठी, आणि तिच्यासमोरचं हांगचौचं आखात तोंडाशी शंभरेक किलोमीटर रुंद आहे.

दुसरी अट आकाराची. आता गोपाळगडावरून दाभोळ बघा. आकार नरसाळ्याच्या उलटा आहे. तोंड डोंगरांमध्ये आवळलेलं आणि आत खाडी पसरलेली. समुद्राची भरती अरुंद दारातून आत येते आणि आत मोकळी जागा मिळाल्यावर पसरून बुटकी होते. पुढे वळणं, कांदळवन, चिखलाची पठारं. प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. बहुतेक कोकणी खाड्यांची ठेवण अशीच आहे. मुंबईइतका भरतीचा फरक इथे आणून ठेवला तरी गोवळकोटला भिंत पोचेल असं आम्हाला वाटत नाही.

तिसरी अट नदीच्या पाण्याची. भिंत ज्या पाण्यावर चढते त्याची खोली कमी असावी लागते. पायरीचा वेग काढायचं सूत्र: मागची खोली गुणिले दोन्ही खोल्यांची बेरीज, त्याला पुढच्या खोलीच्या दुपटीने भागा, ९.८१ ने गुणा आणि वर्गमूळ घ्या. एकाच मीटरभर चढीचे तीन प्रकार बघा. पुढे १ मीटर पाणी असताना ते २ झालं तर पायरी सेकंदाला ५.४ मीटरने जाते आणि फ्रूड अंक १.७, माथा फुटतो, फेसाचा लोळ धावतो. पुढे २ मीटर असताना ३ झालं तर वेग ६.१, अंक १.४ च्या आसपास. काठाला फुटते, मध्ये गुळगुळीत. पुढे ४ मीटर असताना ५ झालं तर वेग ७.४, अंक १.२, फेस नाहीच, एकामागोमाग एक फुगीर लाटांची रांग जाते आणि लोक विचारतात, हीच का ती? हे वेग थांबलेल्या पाण्यावरचे. नदी सेकंदाला मीटरभर वेगाने समोरून येत असेल तर काठावरून दिसणारा वेग तेवढा कमी करायचा.

म्हणूनच एकाच नदीच्या एकाच जागी भिंत काठाशी गर्जते आणि मध्यावर नुसती उचलते. हुगळीतले नाविक इशारा मिळताच होड्या घाटापासून सोडवून खोल पाण्यात नेतात, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, भिंतीकडे करून धरतात. घाटाला बांधून ठेवलेली होडी आपटते किंवा दोर ताणून उलटते. किनारा सुरक्षित ही समजूत इथे उलटी पडते.

खोली वाढवली की भिंत मरते, हे माणसाने करून पाहिलेलं आहे. फ्रान्सच्या सेन नदीची भिंत नामांकित होती. जहाजांसाठी गाळ काढून पात्र खोल केलं आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती नाहीशी झाली. कॅनडातल्या पेटिकोडियाक नदीवर १९६८ मध्ये भराव टाकून दरवाजे बसवले. पात्र गाळाने भरलं आणि भिंत नावापुरती उरली. २०१० मध्ये दरवाजे उघडले तसं पात्र पुन्हा मोकळं होत गेलं आणि भिंत परतली. गाळ फार झाला तरी भिंत जाते, फार काढला तरी जाते.

चौथा दिवस : दाभोळ ते सातारा, आणि पुढच्या सहलीचा आराखडा

परतीची वाट तीच, चिपळूण-पाटण-उंब्रज-सातारा. घाटात गाड्यांची रांग लागते, त्या वेळात पुढची सहल ठरवून टाकावी. खरी भिंत बघायला साताऱ्या-सांगलीकरांना दोन दिशा. जवळची खंबातच्या आखाताची. भरूचला नर्मदेत घुसणाऱ्या पाण्याची धास्ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेतही आहे. पण तिथले किनारे चिखलाचे, पाणी वेगाने पसरणारं आणि उभं राहायला पक्की जागा मोजकी. हौशी माणसाने चिखलावर चालत आत जाऊ नये. परतीची वाट पाठीमागून भरून येते आणि पाय रुतलेला असतो.

दुसरी दिशा कोलकात्याची, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला आम्ही तीच सुचवू. शहरातच पक्के दगडी घाट आहेत आणि उभं राहायला उंच पायऱ्या. तिकडे याला बान म्हणतात. नदी जिथे प्रथम आवळते त्या हुगळी पॉइंटच्या आसपास भिंत उभी राहायला लागते आणि कोलकात्याच्या वरपर्यंत जाणवते.

दिवस अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचा पहिला ते तिसरा निवडावा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत जाऊन उपयोग नाही. समुद्राकडून वारा असेल तर भिंत थोडी आधी, नदीकडून असेल तर उशिरा येते, म्हणून अपेक्षित वेळेच्या अर्धा तास आधी जागेवर असावं. घाटावर कालच्या भरतीची ओली रेघ शोधून तिच्या वर निदान दीड-दोन मीटर उभं राहावं. शेवाळ आलेल्या पायरीवर उभं राहू नये. पाण्याचा धक्का गुडघ्याएवढा असला तरी घसरलेला माणूस परतीच्या ओढीने आत जातो. पहिली लाट गेली की खाली उतरायची घाई नको. मागून आणखी लाटा येतात, आणि भिंत गेल्यावरही पाणी तासन्तास चढतच असतं, कारण ती भरतीची फक्त पुढची कड होती.

फसगत होते ती वेळेत. वर्तमानपत्रात पूर्ण भरतीची वेळ वाचून लोक तेव्हा घाटावर जातात आणि तुडुंब, शांत नदी बघून परततात. भिंत येते ती ओहोटी संपून चढ सुरू होतानाच. कोलकात्याला चढ चार तासांची असल्याने कोष्टकातल्या भरतीच्या वेळेतून चार तास वजा करायचे. भरती दुपारी दोनची असेल तर साडेनऊलाच घाट गाठा. पाणी तेव्हा अगदी खाली गेलेलं आणि समुद्राकडे वाहत असेल. नजर खालच्या वळणावर ठेवा आणि फोन खिशात असला तरी कान उघडे ठेवा, कारण काठाशी फुटणाऱ्या भिंतीचा घरघराट ती दिसायच्या आधी ऐकू येतो.